वसुमतीने घडवलेले शब्द

सुप्रीताचे हात बोलतात, हे तिला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, फोनच्या पडद्यावर उमटलेल्या एका प्रश्नातून.

बेंगळूरच्या व्हाइटफील्ड भागातल्या एका कंपनीत ती इस्पितळांतल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. महिनाभरापूर्वी तिच्या मजल्यावर अनुषा नावाची मुलगी आली होती. अनुषाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोघी जेवायला एकत्र बसायच्या आणि एकमेकींना फोनवर लिहून दाखवत गप्पा मारायच्या. त्या दुपारी सुप्रीता नवऱ्याशी, कार्तिकशी, फोनवर बोलत होती. घरातलं कॉफीचं डिकॉक्शन संपलंय, येताना पावडर घेऊन ये, एवढंच बोलणं. ते बोलताना तिने मोकळ्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली टेकवली आणि झटक्यात पुढे उघडली. समोर अनुषाचा घास हातातच राहिला. तिने ताट बाजूला सारलं आणि लिहिलं, "तुमच्या घरी ऐकू न येणारं कोण आहे?"

कुणी नाही, असं सुप्रीताने लिहून कळवलं.

"आत्ता तुम्ही हाताने 'संपलं' म्हणालात. ही फार जुनी खूण आहे. घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या म्हाताऱ्या बायकाच ती अशी करतात. आम्ही आता वेगळी करतो."

सुप्रीता हसली. आपल्याला हातवारे करायची सवयच आहे, असं तिने लिहिलं. अनुषा हसली नाही. तिने पुढे लिहिलं, "मी महिनाभर बघतेय. माणसं बोलताना हात कसेही हलवतात. तुमचे तसे नाहीत. ते शब्द आहेत." मग तिने सुप्रीताच्याच तीन सवयी तिला करून दाखवल्या. एकीचा अर्थ 'उद्या', दुसरीचा 'थांब जरा', तिसरीचा 'खोटं'. सुप्रीताला आठवलं, की लेकाने गृहपाठ झाला असं सांगितलं आणि तिला ते पटलं नाही, तर तिचा हात नेमका असाच फिरायचा.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या गाडीत, सिग्नलला तुंबलेल्या रहदारीत, ती आपले हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. हे हात तिला कुणी शिकवले? वडील हात हलवून बोलत नसत. ते मुळात बोलतच नसत. आत्याने लहानपणी हात हलवल्याबद्दल तिला कितीदा तरी दटावलं होतं. उरली आई. आणि आईबद्दल सुप्रीताला चारच गोष्टी ठाऊक होत्या: तिचं नाव वसुमती, लग्नातला एक फोटो, ती सुप्रीता दीड वर्षाची असताना तापाने गेली, आणि तिच्या माहेरचं आता कुणी उरलं नाही. पाचवी गोष्ट विचारली की घरात कुणाला तरी एकदम काम आठवायचं.

शनिवारी ती मेजेस्टिकच्या बस स्टँडवर गाडी बदलून मल्लेश्वरमला गेली. तिथे पंधराव्या क्रॉसच्या गल्लीत तिचे वडील गुरुराज आणि त्यांची थोरली बहीण अंबुबाई राहत. अंबुबाईंना एक्क्याऐंशी वर्षं झाली होती. सुप्रीताला त्यांनीच वाढवलं होतं. वेणी घालण्यापासून प्रसूतीनंतरच्या शेकापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. सुप्रीता शेजारी बसली, तिनेही मूठभर शेंगा घेतल्या आणि मान वर न करता विचारलं, "आत्या, माझी आई बहिरी होती का गं?"

अंबुबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

"कोण सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझ्याच हातांनी सांगितलं म्हण."

म्हातारी उठून दार लोटून आली, खाली बसली आणि सगळं सांगितलं. वसुमती दोन वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचे कान गेले होते. हे लपवून लग्न झालं नव्हतं. गुरुराजला लहानपणापासून बोलताना अडखळायला व्हायचं, स्वतःचं नाव सांगायलाही त्याला मिनिट लागायचं, त्यामुळे चार ठिकाणांहून नकार आले होते. आजोबा वादिराज यांनी मग हे स्थळ पत्करलं. पाच वर्षं संसार नीट झाला. सुप्रीता झाली. पण मूल साडेतीन वर्षांचं झालं तरी तोंडाने एक अक्षर बोलेना. हातांनी मात्र दिवसभर आईशी काय काय बोलायचं. कान ठणठणीत आहेत असं डॉक्टर म्हणाले. आजोबांनी ठरवलं, की आईमुळे पोर मुकी राहणार. त्यांनी वसुमतीला माहेरी धाडलं आणि मुलीला ठेवून घेतलं.

"म्हणजे ती तापाने गेली नव्हती."

"नाही बाळ. नंतर नऊ वर्षांनी गेली. कावीळ झाली होती. तू बारा वर्षांची होतीस."

पुढचं अंबुबाईंनी अगदी हळू सांगितलं. वसुमतीला माहेरी धाडल्यावर पोर तिला खुणांनी शोधायची. खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना हात करून विचारायची. आजोबांचा हुकूम होता, हात चालू द्यायचे नाहीत. "तू हात उचललास की मी तुझी मनगटं धरून ठेवायची. असं, मांडीवर घेऊन. तीन महिने धरली. मग एक दिवस तू तोंडाने पाणी मागितलंस. मल्लेश्वराच्या देवळात... नाही, गणपतीच्या देवळात पेढे वाटले आम्ही." त्या थांबल्या. "मी पण वाटले."

सुप्रीताला राग यायला हवा होता. तो पुढे आला, आणि बरेच दिवस राहिला. पण त्या घटकेला तिला फक्त आपल्या मनगटांचा भार जाणवला, जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि तिच्याकडे सांभाळायला दिली होती.

बाहेरच्या खोलीत गुरुराज पेपर वाचत होते. एका सरकारी खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं नकाशे काढले. अडखळण्याचा त्रास असल्याने ते लेकीशीही दोन-चार शब्दांतच बोलत. जेवलीस का, नीट जा, नाहीतर 'सरी', म्हणजे बरं, एवढंच. सुप्रीताने त्यांच्यासमोर उभं राहून आईचं नाव घेतलं. त्यांनी पेपर खाली केला. ते "व" म्हणाले. पुन्हा "व" म्हणाले. ओठ जुळले, मानेची शीर ताठ झाली, आणि ते नाव काही केल्या बाहेर पडेना. शेवटी ते उठून आत गेले. सुप्रीता चप्पल घालून निघाली.

सोमवारी तिने अनुषाला सगळं लिहून सांगितलं. वाचून झाल्यावर अनुषाने फक्त आईचं नाव विचारलं आणि रात्री कुणाकुणाला निरोप धाडले. बुधवारी तिला उत्तर मिळालं. जालहळ्ळीकडे श्यामला नावाच्या बाई राहतात, वय बहात्तर, घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त. त्या तिथे वसुमतीच्या शेजारच्या खुर्चीवर बसत. रविवारी सकाळी या, असा त्यांचा निरोप होता.

रविवारी दोघी गेल्या. दार श्यामलाबाईंच्या मुलीने, भव्याने, उघडलं. भव्याला ऐकू येत होतं. ती शाळेत गणित शिकवायची. आईचं बोलणं मी कन्नडमध्ये सांगत जाईन, पण मी 'मी' म्हणाले की ते आई म्हणतेय असं समजा, असं तिने आधीच बजावलं. आत खिडकीपाशी श्यामलाबाई बसल्या होत्या. ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी सुप्रीताला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, आणि मग त्यांचे हात सुरू झाले.

सुप्रीताने अनुषाला खुणा करताना पाहिलं होतं. पण हे वेगळं होतं. त्या बाईंचे हात, भुवया, खांदे, गाल, सगळं एकदम बोलत होतं, आणि खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. भव्याचा आवाज अर्ध्या वाक्याने मागून यायचा.

"आम्ही चौदाजणी होतो एका रांगेत," श्यामलाबाई सांगत होत्या. "सगळ्या बहिऱ्या. डोळ्याला भिंग लावून केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्याने बसवायची. आवाजाने आमचं चित्त हलत नाही म्हणून साहेब आम्हाला घ्यायचे. पण आम्हाला एकमेकींशी बोलता येत नव्हतं. प्रत्येकीच्या घरच्या खुणा वेगळ्या. माझी आई 'भात' असा करायची, दुसरीची तसा. तुझी आई आली तेव्हा तिला तीन भाषा लिहिता-वाचता येत होत्या. तिने आम्हाला भाषा करून दिली."

म्हणजे कशी, असं सुप्रीताने विचारलं.

श्यामलाबाईंनी सांगितलं, की जेवणाच्या सुट्टीत वसुमती रोज एक शब्द घ्यायची. प्रत्येकीची खूण बघायची, सगळ्यात सोपी आणि देखणी असेल ती निवडायची. ज्याला खूणच नव्हती त्याला ती करायची. रजा, संघटना, बाळंतपण, अन्याय, शंका. 'शंका' ही खूण तिने केली तेव्हा तीनजणींना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला आयुष्यभर जे वाटत आलं त्याला नाव आहे. पुढे ती दर रविवारी चामराजपेटेतल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत बहिऱ्या मुलांना शिकवू लागली. सात-आठ मुलांची साठ मुलं झाली. अनुषाला नर्सरीत ज्या बाईंनी शिकवलं, त्या त्याच खोलीत शिकलेल्या.

अनुषा हे बघत होती. तिने मध्येच दोन्ही हातांनी काहीतरी विचारलं, आणि श्यामलाबाईंनी मान हलवली. भव्याने सांगितलं, "ती विचारतेय, म्हणजे मी बोलते ते शब्द यांच्या आईचे आहेत? आणि आई म्हणतेय, पुष्कळसे."

सुप्रीताला जे विचारायचं होतं ते तिने आता विचारलं. आई मला बघायला आली होती का?

श्यामलाबाईंनी चष्मा काढून पुसला. वसुमती माहेरी चार महिनेच राहिली होती. मग बेंगळूरला परत येऊन पुन्हा कारखान्यात लागली, नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहिली आणि लागोपाठ तीन रविवार मल्लेश्वरमला गेली. तीनदा फाटकातूनच परत आली. चौथ्यांदा वादिराजांनी तिला ओसरीवर बसवलं आणि कागदावर लिहून दिलं, की मुलगी आता बोलू लागली आहे, तुला पाहिलं तर पुन्हा बंद पडेल. तो कागद घेऊन ती कारखान्यात आली होती. त्यानंतर ती गेली नाही.

"आम्ही तिला सांगितलं, हे खोटं आहे. आमचीही मुलं होती. या भव्याला बघ, ही गप्प बसत नाही." भव्याने हे सांगताना स्वतःच जरा हसून घेतलं. "पण तिला वाटलं, एक टक्का जरी खरं असलं तर? तो एक टक्का तिने नऊ वर्षं सांभाळला."

मग श्यामलाबाईंनी सुप्रीताच्या गुडघ्यावर थाप मारली आणि विचारलं, तुला तुझं नाव माहीत आहे का? वसुमतीने ठेवलेलं?

त्यांनी करंगळीचं टोक गालावर, खळी पडते तिथे, टेकवलं, अर्धा वळसा दिला आणि हात पुढे सोडला.

अनुषा ताडकन उभी राहिली. तिचे हात इतक्या वेगाने चालू लागले, की भव्या मागे पडली. बराच वेळ दोघींचं चाललं. भव्या मग सावकाश म्हणाली, "अनुषा म्हणतेय, हे नाव नाही. हा साधा शब्द आहे. सगळे वापरतात. 'लाडकं' असा अर्थ आहे त्याचा. ती आपल्या मुलीला रोज झोपवताना हेच म्हणते. आणि आई म्हणतेय, आधी ते नाव होतं. वसुमती रविवारच्या मुलांना सारखं तुझ्याबद्दल सांगायची. माझी ही असं खायची, माझी ही अशी रुसायची. मुलांना वाटलं, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला असं म्हणतात. ती मुलं मोठी झाली. हुबळीला गेली, म्हैसूरला गेली, लग्नं झाली."

अनुषाला पटेना. तिने फोन काढून नवऱ्याला व्हिडिओवर घेतलं. तो कामासाठी म्हैसूरला होता, त्याचं सगळं शिक्षण तिकडचंच. तिने त्याला काहीतरी विचारलं. पडद्यावरच्या त्या अनोळखी माणसाने, मागे बस स्टँडची वर्दळ चालू असताना, करंगळी गालाला लावली, अर्धा वळसा दिला आणि हात पुढे सोडला. मग तिने हुबळीच्या मैत्रिणीला विचारलं. ती भांडी घासत होती. तिने ओल्या हाताने तेच केलं. तिच्या कडेवर दीड वर्षाचं मूल होतं. त्यानेही केलं.

सुप्रीता बघत राहिली. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते रोज शेकडो घरांत घेतलं जात होतं. चाळीस वर्षं आपण आईविना आहोत असं ती समजत आली होती, आणि या गावात आई ठायी ठायी होती, कॅन्टीनमध्ये तिच्या समोर बसून जेवत होती. तिला रडू आलं नाही. देवळाच्या गाभाऱ्यात डोळे सरावेपर्यंत जसं काहीच नीट दिसत नाही आणि तरी समोर काही आहे हे कळतं, तसं तिला झालं होतं.

निघताना श्यामलाबाईंनी सहज विचारलं, गुरुराज कसे आहेत? बरे आहेत, सुप्रीता म्हणाली, गप्प असतात. श्यामलाबाईंनी भव्याकडे बघून ते पुन्हा विचारून घेतलं.

"आई म्हणतेय, कोण, गुरुराज गप्प? तुझ्या वडिलांएवढं बोलणारा माणूस आमच्यात नव्हता. लग्नानंतर दोघं आमच्याकडे यायचे, तेव्हा तो उभा राहून गोष्टी सांगायचा आणि आमची पोटं दुखायची हसून. वसुमतीच्या शेवटच्या दिवसांत मीच त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला घेऊन आले. तीन दिवस तो इस्पितळात तिच्या उशाशी होता. तिला हसवत होता."

सुप्रीताने दोनदा विचारून खात्री करून घेतली, की आपण दुसऱ्याच कुणा गुरुराजबद्दल बोलत नाही ना.

तिथून ती थेट मल्लेश्वरमला गेली. दुपारचे तीन वाजले होते. गुरुराज बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते, डोळे मिटून. तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावून त्यांना जागं केलं, समोर स्टूल ओढून बसली आणि करंगळी गालाला लावली. वळसा दिला. हात पुढे सोडला.

गुरुराज तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिचा हात धरला, करंगळी पुन्हा तिच्या गालाला टेकवली, वळसा दिला, पण हात पुढे सोडू दिला नाही. तो त्यांनी माघारी आणून तिच्या छातीवर टेकवला. असं, त्यांची मान म्हणाली. नाव असं आहे. वर्षानुवर्षं घाईघाईने वापरताना मुलांनी त्याचा शेवट गाळला होता.

आणि मग ते बोलू लागले.

सुप्रीताला त्यातले चार शब्द कळले असतील. पण तिने आपल्या वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात पहिली काही मिनिटं चाचपडले आणि मग स्थिर झाले. पाठ सरळ झाली. भुवया उंचावल्या, गाल फुगले, एकदा त्यांनी कुणा जाड्या माणसाची चाल खुर्चीत बसल्या बसल्या अशी हुबेहूब केली, की तिला हसू आवरेना. कुठे अडखळणं नाही, शीर ताठ होणं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावरून वाक्यंच्या वाक्यं वाहत होती. अंबुबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या.

सुप्रीता आता दर शनिवारी मल्लेश्वरमला जाते. गुरुराज तिला शिकवतात. शिक्षक म्हणून ते कडक आहेत; खूण आळसावली की टिचकी मारतात. महिन्यातून एकदा ती त्यांना श्यामलाबाईंकडे नेते, आणि तिथे तिला त्यांच्या बोलण्यात शिरायला जागा मिळत नाही. आत्याशी ती दोन महिने धड बोलली नाही. मग बोलू लागली, कारण म्हातारीला नुसतं बघत बसवणं तिच्याने होईना.

मार्चमधल्या एका शनिवारी, पुरेसे शब्द हाताशी आल्यावर, तिने वडिलांना विचारलं, की तुम्ही आईबरोबर का गेला नाहीत. खुणांमध्ये हा प्रश्न तीनच हालचालींचा असतो, आडवळण घ्यायला त्यात वाव नाही.

गुरुराज खिडकीबाहेर बघत राहिले. मग तिच्याकडे वळून त्यांनी मूठ छातीशी आणली आणि खांदे आत ओढले. घाबरलो. तिला कळलं होतं, तरी त्यांनी ते पुन्हा एकदा, सावकाश केलं. नंतर वसुमतीचं नाव त्यांनी केलं. ते सुप्रीताने अजून पाहिलं नव्हतं. उजवा तळवा कपाळापासून हवेत वर जाई आणि बोटं एकेक करून उघडत. तिने ते शिकवा म्हटलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि आतून जेवायला हाक येईपर्यंत दोघं तेच करत बसली.